कावीळ उतरल्यानंतर : विषाणुजन्य यकृतदाह आणि अस्थिमज्जेचा ऱ्हास

प्रस्तावना

यकृताला विषाणूंमुळे होणारा दाह आणि हाडांच्या पोकळीतील रक्तनिर्मिती थांबणे हे दोन विकार आधुनिक वैद्यकाने दोन वेगळ्या शाखांकडे सोपवले आहेत. पहिल्यासाठी रुग्ण यकृततज्ज्ञाकडे जातो, दुसऱ्यासाठी रक्तविकारतज्ज्ञाकडे, आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ही विभागणी पुरेशी ठरते. तथापि रुग्णांचा एक लहानसा गट असा आहे, ज्यात दुसरा विकार पहिल्याच्या पाठोपाठ येतो. पूर्वी निरोगी असलेल्या, बहुधा तरुण वयातील व्यक्तीला कावीळ होते, काही आठवड्यांत ती उतरते, अन्नावरची वासना परतते, यकृताच्या तपासण्यांतील आकडे सुधारू लागतात. आणि त्यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी हिरड्यांतून रक्त येणे, त्वचेवर बारीक लाल ठिपके उमटणे, हटवादी ताप आणि वाढता फिकेपणा अशा लक्षणांनिशी त्याच व्यक्तीची अस्थिमज्जा जवळजवळ रिकामी झाल्याचे आढळते. या अवस्थेला यकृतदाहोत्तर अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया असे म्हणतात, आणि तीच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

हा विकार विरळ आहे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया हा मुळातच दुर्मीळ आजार असून युरोपात त्याचे प्रमाण वर्षाला दर दहा लाख लोकांमागे सुमारे दोन, तर पूर्व आशियात त्याच्या दुप्पट-तिप्पट आढळते. त्यातही यकृतदाहानंतर उद्भवणाऱ्यांचा वाटा थोडा आहे. युरोपातील प्रत्यारोपण केंद्रांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३,९१६ रुग्णांपैकी २१४, म्हणजे ५.४ टक्के रुग्ण या गटातले होते. तरीही या विषयाचे महत्त्व रुग्णसंख्येवरून ठरत नाही. संसर्गजन्य रोगांच्या इतिहासात सामान्यतः आधी जंतू सापडतो, मग त्याची कार्यपद्धती कळते आणि अखेरीस उपचार येतो. येथे हा क्रम उलटला आहे. ज्या विषाणूवर संशय आहे तो अद्याप हाती लागलेला नाही, परंतु मज्जा कशी नष्ट होते हे बऱ्याच अंशी उलगडले आहे आणि एकेकाळी बहुतेक रुग्णांचा वर्षभरात बळी घेणारा हा आजार आज उपचारसाध्य झाला आहे. कारक जंतूच्या अनुपस्थितीत रोगाचे ज्ञान कसे उभे राहिले, याचा मागोवा घेणे हा या ग्रंथामागील मुख्य विचार आहे.

विषयप्रवेशासाठी काही संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे. यकृतदाह म्हणजे यकृताच्या पेशींना सूज येऊन त्यांचा नाश होणे. अशा वेळी पेशींतील विकरे रक्तात उतरतात, त्यांपैकी एसजीपीटी या नावाने प्रयोगशाळांच्या अहवालांत येणाऱ्या विकराचा आकडा अनेक पटींनी वाढतो, आणि बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य साचल्याने डोळे व त्वचा पिवळी दिसू लागते. कावीळ हे अशा रीतीने एक लक्षण आहे, स्वतंत्र रोग नव्हे, आणि त्यामागे औषधे, मद्य, पित्तमार्गातील खडे अशी विषाणूंखेरीज इतरही कारणे असू शकतात. यकृतालाच लक्ष्य करणारे ज्ञात विषाणू ए, बी, सी, डी आणि ई अशा अक्षरांनी ओळखले जातात. त्यांपैकी ए आणि ई मुख्यतः दूषित पाणी व अन्नातून पसरतात, तर बी, सी आणि डी हे रक्त व शरीरद्रवांतून पसरतात आणि दीर्घकाळ शरीरात ठाण मांडू शकतात.

अस्थिमज्जेचे काम समजल्याखेरीज तिच्या ऱ्हासाची लक्षणे ज्या क्रमाने प्रकट होतात तो क्रम ध्यानात येत नाही. मज्जेतील मूळपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका म्हणजे प्लेटलेट या तिन्ही प्रकारच्या पेशी तयार होतात. प्रौढ माणसात केवळ तांबड्या पेशींचेच उत्पादन दररोज सुमारे वीस हजार कोटी इतके असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, प्लेटलेट सात ते दहा दिवस, आणि जिवाणूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तप्रवाहात एखादा दिवसही जेमतेम राहतात. त्यामुळे उत्पादन थांबताच जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव लवकर दिसू लागतात आणि फिकेपणा मागून वाढत जातो. मज्जेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास रक्तजनक पेशींच्या जागी चरबी भरलेली आढळते. १९७६ मध्ये ब्रूस कॅमिटा आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या आणि आजही प्रमाण मानल्या जाणाऱ्या निकषांनुसार मज्जेतील पेशीभार २५ टक्क्यांहून कमी असून न्यूट्रोफिल प्रति मायक्रोलिटर ५०० हून कमी, प्लेटलेट २०,००० हून कमी आणि नवजात तांबड्या पेशींचे प्रमाण अत्यल्प, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी आढळल्यास आजार तीव्र समजला जातो. न्यूट्रोफिल २०० च्याही खाली गेल्यास तो अतितीव्र ठरतो. यकृतदाहानंतर येणारा आजार बहुधा या तीव्र वर्गांतच मोडतो.

यकृत आणि रक्त यांचा संबंध अनेक पदरी आहे आणि प्रस्तुत विषय त्यांपैकी एकाच पदराशी निगडित आहे. गर्भावस्थेच्या मधल्या महिन्यांत रक्तनिर्मितीचे मुख्य स्थान यकृत हेच असते, आणि जन्मानंतरही प्लेटलेटच्या निर्मितीला चालना देणारे थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक प्रामुख्याने यकृतातच तयार होते. चरकसंहितेत रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृत आणि प्लीहा असे सांगितले असून कामलेचे विवेचन पांडुरोगाच्याच अध्यायात येते. त्यात आधुनिक संकल्पनेची पूर्वसूचना शोधणे अनैतिहासिक ठरेल, परंतु फिकेपणा आणि पिवळेपणा एकाच रुग्णात पाहणाऱ्या निरीक्षकांची परंपरा जुनी आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते. चिकित्सेच्या दृष्टीने मात्र हे पदर वेगळे करणे अगत्याचे आहे. यकृत कायमचे निबर झाल्यावर प्लीहा वाढते आणि तिच्यात रक्तपेशी अडकून पडतात, तेव्हा तिन्ही पेशी कमी दिसल्या तरी मज्जा भरलेलीच असते. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव आहे, अशांच्या तांबड्या पेशी यकृतदाहाच्या काळात फुटून रक्त झपाट्याने उतरू शकते. पूर्वी हिपॅटायटिस सीसाठी दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉनमुळेही पेशींची संख्या घटत असे. या सर्व अवस्थांत रक्ताचा अहवाल वरवर सारखा दिसतो. निर्णायक फरक कळतो तो मज्जेच्या तपासणीतूनच.

अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमियाचे पहिले शास्त्रीय वर्णन पॉल एर्लिख यांनी १८८८ मध्ये केले; रक्तस्राव, ताप आणि तीव्र पांडुता यांनी मृत्यू पावलेल्या एका तरुण गर्भवतीच्या मज्जेत त्यांना रक्तजनक पेशींऐवजी चरबी आढळली होती. पुढील अर्धशतकात बेंझिनसारखी रसायने, किरणोत्सार आणि नंतर क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक यांकडे संशयाची सुई वळत राहिली. यकृतदाहाशी असलेला संबंध १९५५ मध्ये लोरेंझ आणि क्वायझर यांनी दोन रुग्णांच्या वर्णनातून नोंदवला, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत अशा नोंदींची संख्या शेकड्यांत गेली. तथापि त्यांतील बहुतांश काळ कोणत्याही यकृतविषाणूची ओळख पटवणारी चाचणी हाती नसल्याने हे रुग्ण एकाच रोगाचे आहेत की अनेक रोगांचे, हे ठरवण्याचे साधनच उपलब्ध नव्हते.

ती साधने एकामागून एक उपलब्ध होत गेली, आणि या विकाराचा पुढचा इतिहास म्हणजे संशयितांच्या क्रमवार निर्दोष सुटकेचा इतिहास होय. बारूख ब्लुमबर्ग यांनी १९६५ मध्ये जाहीर केलेले ऑस्ट्रेलिया प्रतिजन पुढे हिपॅटायटिस बी विषाणूचे आवरण असल्याचे निष्पन्न झाले. १९७३ मध्ये स्टीफन फाइनस्टोन आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस ए विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. या दोन्ही चाचण्या लावल्यावर मज्जा निकामी झालेले बहुतेक रुग्ण दोन्हींत नकारार्थी निघाले आणि त्यांची गणना ‘ए नाही, बी नाही’ अशा शिल्लक गटात होऊ लागली. १९८९ मध्ये हिपॅटायटिस सी विषाणूची ओळख पटली, तेव्हा हाच तो अज्ञात कारक असावा अशी अपेक्षा स्वाभाविकच निर्माण झाली; परंतु सी विषाणूच्या खुणा ज्या रुग्णांत आढळल्या, त्यांपैकी अनेकांत त्या आजारानंतर दिलेल्या रक्तातून आलेल्या होत्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास सापडलेल्या आणि काही काळ हिपॅटायटिस जी म्हणून ओळखल्या गेलेल्या विषाणूच्या बाबतीतही हेच घडले. तांबड्या पेशींच्या पूर्वजांना थेट मारणारा पार्व्होव्हायरस बी-१९ हादेखील विचारात घेतला गेला आणि मोजक्या रुग्णांत तो आढळलाही, पण सर्वसाधारण कारण म्हणून तो सिद्ध झाला नाही. ज्याला वारंवार रक्त चढवले जाते त्या रुग्णाच्या शरीरात सापडलेला विषाणू रोगाचे कारण आहे की उपचाराचा परिणाम, हा प्रश्न या संपूर्ण संशोधनाला व्यापून राहिला.

याच मुद्द्याची दुसरी बाजू भारतातील साथींच्या अभ्यासातून पुढे येते. १९५५-५६ मध्ये यमुनेचे दूषित पाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरल्याने दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात तशीच मोठी साथ आली, आणि १९८१ मधील कोल्हापूरच्या जलजन्य साथीचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केला. प्रारंभी हिपॅटायटिस एच्या समजल्या गेलेल्या अशा साथींमागे वेगळाच विषाणू असल्याचे पुढे उघड झाले, आणि आज तो हिपॅटायटिस ई म्हणून परिचित आहे. या साथींच्या वर्णनांत गरोदर स्त्रियांमधील मृत्यूंचे मोठे प्रमाण ठळकपणे नोंदले गेले, परंतु त्यांच्या मागोमाग मज्जाविफलतेची लाट आल्याचे चित्र दिसत नाही. हजारो यकृतांना एकाच वेळी इजा होऊनही जर मज्जा शाबूत राहत असेल, तर केवळ यकृताला इजा होणे हे मज्जेच्या ऱ्हासाचे पुरेसे कारण असू शकत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

त्या निष्कर्षाला वेगळ्या दिशेने बळकटी मिळाली ती १९८८ मध्ये अँड्रियास त्झाकिस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणातून. चार केंद्रांत ‘ए नाही, बी नाही’ प्रकारच्या तीव्र यकृतदाहासाठी ज्यांचे यकृत बदलले गेले अशा ३२ रुग्णांपैकी ९ जणांना, म्हणजे २८ टक्के रुग्णांना, शस्त्रक्रियेनंतर एक ते सात आठवड्यांत अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया झाला. याच केंद्रांत इतर कारणांसाठी यकृत बदललेल्या १,४६३ रुग्णांत मात्र असा एकही रुग्ण आढळला नाही. ही तुलना अनेक शक्यता एकदम मिटवून टाकते. शस्त्रक्रिया, भूल, चढवलेले रक्त आणि प्रत्यारोपणाची औषधे दोन्ही गटांत समान होती. शिवाय नव्या यकृताचे काम चालू असल्यामुळे यकृताच्या अकार्यक्षमतेने मज्जा सुकली असेही म्हणता येत नव्हते. रोगग्रस्त यकृत शरीराबाहेर काढल्यानंतरही जे काही मज्जेपर्यंत पोचले, ते यकृतात सुरू झालेले असले तरी यकृतापुरते मर्यादित नव्हते, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

ते नेमके काय होते, याचा पहिला धागा उपचारांतून मिळाला होता. १९७० मध्ये फ्रान्समधील जॉर्ज माते यांनी अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांत दात्याची मज्जा रुजावी म्हणून लसिकापेशींना दडपणारा प्रतिरस वापरला. दात्याची मज्जा न रुजताही काही रुग्णांची स्वतःची मज्जा पुन्हा कामाला लागली, आणि प्रतिकारसंस्थेला आवरल्याने मज्जा सावरत असेल तर मज्जेचा नाश प्रतिकारसंस्थाच करत असावी, हा विचार त्यातून बळावला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील केविन ब्राउन, नील यंग आणि सहकाऱ्यांनी यकृतदाहोत्तर आजाराच्या दहा रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला; ज्ञात यकृतविषाणू त्यांच्या आजाराचे कारण म्हणून पुढे आले नाहीत, परंतु सीडी-आठ ही खूण असलेल्या मारक टी-पेशी उत्तेजित अवस्थेत आढळल्या आणि प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या उपचारांना बहुतेकांनी प्रतिसाद दिला. याच गटाने २००४ मध्ये दाखवले की या रुग्णांच्या टी-पेशींचा संच रक्तात आणि यकृतात सारख्याच प्रकारे एकांगी झालेला असतो, म्हणजे मोजक्या पेशीवंशांची अतोनात वाढ झालेली असते. विषाणूबाधित यकृतपेशींविरुद्ध सज्ज झालेल्या टी-पेशी मज्जेतील मूळपेशींवरील तत्सम खुणांना शत्रू समजतात, इंटरफेरॉन गॅमा व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखी रसायने सोडतात, आणि मूळपेशींना आत्मनाशाच्या मार्गावर ढकलतात, असे स्पष्टीकरण आज सर्वाधिक ग्राह्य मानले जाते. कावीळ आणि मज्जाविफलता यांमध्ये जाणारे आठवडे याच स्पष्टीकरणाशी सुसंगत आहेत, कारण मूळपेशींचा नाश होण्यास आणि आधीच तयार असलेल्या पेशी संपण्यास तेवढा अवधी लागतो.

तथापि यंत्रणा समजली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नाही. तोच संसर्ग अनेकांना होत असताना मोजक्याच व्यक्तींच्या टी-पेशी मज्जेकडे का वळतात, आणि त्यांना प्रथम चेतवणारा कारक कोणता, हे दोन प्रश्न खुले आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील मोठ्या अभ्यासात बाटलीबंद नसलेले पाणी पिणे, बदके-हंसांचा सहवास आणि शेणखताशी संपर्क यांचा ग्रामीण भागातील अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमियाशी संबंध आढळला. त्यावरून एखाद्या संसर्गजन्य कारकाची शक्यता सूचित होते, सिद्ध मात्र होत नाही. २०२२ मध्ये स्कॉटलंडपासून नोंद सुरू झालेल्या लहान मुलांमधील तीव्र यकृतदाहाच्या घटनांनीही या विषयावर प्रकाश टाकला. तेथे एएव्ही-२ हा स्वबळावर वाढू न शकणारा विषाणू, त्याला साहाय्य करणारा दुसरा विषाणू आणि विशिष्ट आनुवंशिक ठेवण यांचा संयोग कारणीभूत असावा असे पुरावे पुढे आले. एकच दोषी विषाणू शोधण्याऐवजी अनेक घटकांचा मेळ शोधावा लागेल, ही दिशा यकृतदाहोत्तर मज्जाविफलतेच्या संशोधनालाही मार्गदर्शक ठरू शकते.

उपचारांचे दोन मुख्य मार्ग आहेत. ऊतिगट जुळणारे भावंड उपलब्ध असल्यास तरुण रुग्णांत मज्जा-प्रत्यारोपण हा पहिला पर्याय असतो; या पद्धतीचा पाया घालणाऱ्या डॉनल थॉमस यांना १९९० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि भारतात पहिले मज्जा-प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. असा दाता नसल्यास घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन आणि सायक्लोस्पोरिन दिले जातात. सशापासून मिळवलेल्या ग्लोब्युलिनपेक्षा घोड्यापासूनचे अधिक परिणामकारक असल्याचे २०११ मध्ये सिद्ध झाले, आणि २०१७ पासून त्यांना एल्ट्रोम्बोपॅग या मूळपेशींना चालना देणाऱ्या औषधाची जोड मिळाली. मात्र एल्ट्रोम्बोपॅग स्वतःच यकृताला इजा करू शकत असल्याने नुकताच यकृतदाह झालेल्या रुग्णात त्याचा वापर जपून करावा लागतो. ज्यांच्याकडून पुढे मज्जा घ्यावी लागण्याची शक्यता आहे अशा नातलगांचे रक्त रुग्णाला चढवू नये, हा नियमही महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे रुग्णाच्या शरीरात दात्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होऊन प्रत्यारोपण फसू शकते.

हे सर्व उपचार वेळेवर अवलंबून आहेत, आणि वेळ वाया जाण्याची कारणे बहुतांशी वैद्यकाबाहेरची असतात. महाराष्ट्रात कावीळ उतरवण्याचे अनेक पारंपरिक प्रकार रूढ आहेत. गळ्यात माळ घालणे, चुन्याच्या निवळीने हात धुणे, पाल्याचा रस देणे असे उपाय आजही शहरांत आणि खेड्यांत केले जातात. तीव्र विषाणुजन्य यकृतदाह बहुतेकांत आपोआप बरा होत असल्यामुळे या उपायांना यशाचे श्रेय मिळते, आणि डोळ्यांतला पिवळेपणा गेला की तपासण्याही थांबतात. पोटात घेतलेल्या वनस्पतींपैकी काही यकृताला घातक असल्याने मूळ कारण ओळखणे अधिकच अवघड होते. पुढे अंगावर ठिपके उमटतात किंवा नाकातून रक्त येते, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी बरी झालेली कावीळ डॉक्टरांना सांगावी असे रुग्णाला वाटत नाही, आणि विचारावे असे प्रत्येक डॉक्टरलाही सुचत नाही.

या पार्श्वभूमीवर ग्रंथाची मांडणी तीन भागांत केली आहे. पहिल्या भागात यकृत व मज्जा यांची रचना आणि त्यांना ग्रासणारे विषाणू यांचे विवेचन येते. दुसऱ्या भागात कारकशोधाचा इतिहास आणि प्रतिकारसंस्थेच्या भूमिकेविषयीचा पुरावा तपासला आहे. तिसरा भाग निदान, उपचार आणि रुग्णाच्या दीर्घकालीन देखरेखीला वाहिलेला आहे. ग्रंथ प्रामुख्याने वैद्यकीय विद्यार्थी आणि सर्वसाधारण व्यवसाय करणारे डॉक्टर यांच्यासाठी असला, तरी संज्ञा जागोजागी उलगडल्यामुळे रुग्णांच्या कुटुंबीयांनाही तो वाचता येईल.

या विवेचनातून व्यवहारासाठी निघणारा निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या विरुद्ध जातो. काविळीच्या रुग्णाच्या ए, बी, सी आणि ई विषाणूंच्या सर्व चाचण्या नकारार्थी आल्या, तर कुटुंबाला हायसे वाटते आणि कित्येकदा डॉक्टरांनाही. परंतु मज्जा निकामी झालेल्या रुग्णांपैकी बहुतेक याच नकारार्थी गटातून आलेले आहेत. म्हणून अशा रुग्णाचे यकृताचे आकडे पूर्ववत झाल्यानंतरही पुढील काही महिने सीबीसी म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी अधूनमधून करून पाहणे आणि ताप, रक्तस्राव किंवा फिकेपणा दिसताच विनाविलंब रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवणे इष्ट ठरते. ही तपासणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही होते. कारक विषाणूचे नाव कधी निश्चित होईल ते होवो, रुग्णाला वाचवण्यासाठी त्या नावाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.